ठिणगीच्या आधी

माझी पहिली सात मॉस्फेट एका पिवळ्या कडीपायी गेली.

जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेली ती कडी. अंगाने पिवळी, एका बाजूने पांढरी. मी बांधत असलेल्या टेस्ला कॉइलच्या गेट ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरसाठी कडी हवी होती आणि ही हाताशी होती. तीन तारा एकत्र पिळून मी तिच्यावर बारा फेरे घेतले, टोके ड्रायव्हर आयसीला आणि दोन मॉस्फेटच्या, म्हणजे अर्धवाहक खटक्यांच्या, गेटना जोडली, आणि डिमरस्टॅटने दाब हळूहळू वाढवत नेला. तीस-चाळीस व्होल्टला जवळ धरलेली ट्यूबलाइट मंद उजळली. शंभरच्या पुढे गेलो आणि ‘फट्’ असा कोरडा आवाज आला. मॉस्फेटच्या काळ्या अंगाला तडा गेला होता, त्यातून धुराची बारीक रेघ वर चढत होती. मी नवे मॉस्फेट लावले. पुन्हा फट्. माल नकली असेल, हीटसिंक लहान पडत असेल, सोल्डर कच्चे असेल, असे म्हणत मी मॉस्फेट बदलत राहिलो. सातवे गेल्यावर एका मित्राचा ऑसिलोस्कोप मागून आणला आणि पहिल्यांदा गेटवरची लहर डोळ्यांनी पाहिली. ती किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी दिसायला हवी होती: सरळ उभी भिंत, सपाट माथा, सरळ उतार. मला दिसली ती कौलारू छपरांची रांग.

कारण कडीत होते. पिवळ्या-पांढऱ्या रंगाच्या त्या कड्या लोखंडाच्या भुकटीच्या असतात. पॉवर सप्लायच्या चोकसाठी उत्तम, या कामाला निरुपयोगी. तिच्यावर बारा फेऱ्यांनी जेमतेम 13 मायक्रोहेन्री मिळतात. त्याच मापाच्या योग्य फेराइट कडीवर तेवढ्याच फेऱ्यांत 400 च्या वर मिळतात. माझा बिचारा ड्रायव्हर आयसी कडीचे चुंबकत्व फिरवण्यातच जवळजवळ दोन अँपिअर खर्ची घालत होता. गेटच्या वाट्याला उरलेसुरले येई. मॉस्फेट पूर्ण उघडतही नव्हते, पूर्ण मिटतही नव्हते, आणि अर्धवट उघडे मॉस्फेट म्हणजे शेगडीच. कडी बदलली. आठवे आणि नववे मॉस्फेट आजही त्याच हीटसिंकवर चालतात.

या विषयाचे सारे मर्म मला त्या कडीने शिकवले. सॉलिड-स्टेट टेस्ला कॉइलमध्ये जे जळते ते बहुतेक वेळा दोषी नसते. दोष दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसरीकडे; या दोन ठिकाणांमधली वाट चालता येणे, हीच ही कला. ठिणगी त्या वाटेच्या शेवटी भेटते. या पुस्तकाचा भर म्हणूनच ठिणगीच्या आधीच्या कामावर आहे.

ज्यांना हा विषय अगदी नवा आहे त्यांच्यासाठी थोडे मुळापासून सांगतो. टेस्ला कॉइल हा अनुनादावर चालणारा ट्रान्सफॉर्मर आहे. आपल्या घराबाहेरच्या डीपीत लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात आणि दाब फेऱ्यांच्या प्रमाणात बदलतो. टेस्ला कॉइलमध्ये लोखंड नाही. खाली काही मोजके फेरे असलेली प्रायमरी, तिच्या मधोमध उभी उंच सेकंडरी आणि माथ्यावर धातूची गोल टोपी. सेकंडरीला तिची स्वतःची एक लय असते. ती लय तारेच्या प्रेरकत्वावर आणि टोपीच्या धारकत्वावर ठरते, जशी झोक्याची लय दोराच्या लांबीवर ठरते. नागपंचमीच्या झोक्यावर बसलेल्या पोरीला एकाच जोरदार धक्क्याने कोणी उंच चढवत नाही. झोका मागे येऊन परतू लागला की हलकासा धक्का, पुन्हा परतला की पुन्हा. धक्के लहान असले तरी वेळ साधली तर झोका फांदीला टेकतो. टेस्ला कॉइलमध्ये दाब असाच चढतो.

सॉलिड-स्टेट प्रकारात हे धक्के मॉस्फेट देतात, आणि त्यांची वेळ ठरवायला घड्याळ लावलेले नसते. एक छोटी अँटेना किंवा सेकंडरीच्या तळाशी बसवलेला करंट ट्रान्सफॉर्मर झोका कुठे आहे ते पाहतो आणि ड्रायव्हरला कळवतो. टोपीतून ठिणगी बाहेर पडली की तिचे धारकत्व टोपीच्या धारकत्वात मिळते आणि लय किंचित खाली येते. धक्का देणारा झोक्याकडे पाहत असल्यामुळे तोही आपली लय बदलतो. हे स्वयंचलित अनुसरण म्हणजे या प्रकाराचा आत्मा.

मोजमापांची कल्पना यावी म्हणून या पुस्तकात आपण जी कॉइल उभी करणार आहोत तिचेच आकडे देतो. नळकामाच्या कोणत्याही दुकानात मिळणारा 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्यावर 32 गेजच्या इनॅमल तारेचे 1000 फेरे, गुंडाळीची उंची 30 सेंटीमीटर. तार लागते सुमारे 345 मीटर. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते आणि एवढ्या तारेचे वजन 180 ग्रॅमच्या आसपास भरते. हॅरल्ड व्हीलर यांनी 1928 साली दिलेल्या साध्या सूत्राने तिचे प्रेरकत्व 34 मिलिहेन्री येते. टोपीसकट धारकत्व 15 पिकोफॅरड धरले तर लय सेकंदाला सुमारे 2 लाख 25 हजार झोक्यांची, म्हणजे 225 किलोहर्ट्झची पडते. एका झोक्याला साडेचार मायक्रोसेकंदही मिळत नाहीत. ड्रायव्हरला 100 नॅनोसेकंदांचा उशीर झाला तरी धक्का वर्तुळातल्या आठ अंशांनी चुकतो. हाताने केलेल्या कामात एवढी काटेकोर वेळ साधायची असते, आणि ती साधता येते.

या यंत्राचा जन्म 1891 चा. हाइनरिख हर्ट्झ यांनी 1887-88 मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या होत्या आणि उच्च वारंवारतेच्या प्रवाहांबद्दल सगळीकडे कुतूहल होते. 20 मे 1891 रोजी निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात अमेरिकी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे व्याख्यान दिले आणि तारेने न जोडलेल्या काचेच्या नळ्या उजळून दाखवल्या. पुढच्याच महिन्यात त्यांना मिळालेल्या पेटंटचे शीर्षक विद्युत प्रकाशयोजनेचे होते. आज ज्या यंत्राकडे आपण ठिणग्यांसाठी पाहतो, ते मुळात दिवे लावण्याच्या विचारातून आले होते.

1899 साली टेस्लांनी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सुमारे 15 मीटर व्यासाची कॉइल उभारली. 1901 मध्ये लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफच्या मनोऱ्याचे काम सुरू झाले. तारेशिवाय संदेश आणि पुढे शक्तीही पाठवण्याचे ते स्वप्न पैशांअभावी अर्धवट राहिले आणि 1917 मध्ये मनोरा पाडला गेला. टेस्ला 1943 साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत वारले. त्यांच्या नावाभोवती पुढे दंतकथांचे रान माजले. फुकट ऊर्जा, दडवलेले शोध, हवेतून वाटेल तेवढी वीज, असे बरेच काही. या पुस्तकाला त्या रानात शिरायचे कारण नाही. टेस्ला कॉइल जेवढी ऊर्जा घेते तेवढीच उष्णता, प्रकाश, आवाज आणि लहरींच्या रूपात परत देते. टेस्लांचे मोठेपण समजायला एवढे खरे पुरेसे आहे.

जोडलेल्या अनुनादी मंडलांची ही कल्पना ठिणगीवर चालणाऱ्या सुरुवातीच्या रेडिओ प्रक्षेपकांनी उचलली. 1920 च्या दशकात व्हॅक्यूम ट्यूबने त्या प्रक्षेपकांना मागे टाकले आणि टेस्ला कॉइल प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, काचेच्या निर्वात उपकरणांतली गळती शोधण्याच्या कामात आणि प्रदर्शनांत उरली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत लोक अजूनही गर्दी करून तिची ठिणगी पाहतात. तिला जिवंत ठेवले ते घरी बसून तार गुंडाळणाऱ्या हौशी माणसांनी.

या हौशी माणसांचे आज ढोबळमानाने पाच संप्रदाय आहेत. पहिला स्पार्क गॅपवाल्यांचा, सर्वांत जुना. उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरतो, हवेतली फट फुटते, साठलेली ऊर्जा प्रायमरीत धडकते. भाग थोडे, रांगडे आणि सहनशील. आवाज कानठळ्या बसवणारा. दुसरा ट्यूबवाल्यांचा. 811ए सारखी ट्यूब सलग लहरी देते आणि ठिणगी तलवारीसारखी सरळ, शांत, मऊ उठते. ट्यूबला क्षणभराचा अतिरेक चालतो, पण तिला हजार-दीड हजार व्होल्ट लागतात. त्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर वापरणारे अनेक जण आहेत. तो ट्रान्सफॉर्मर चूक माफ करत नाही, म्हणून नवशिक्याने या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा संप्रदाय आपला, सॉलिड-स्टेट टेस्ला कॉइलचा, म्हणजे एसएसटीसीचा. त्याची पूर्वतयारी अर्धवाहकांच्या इतिहासात झाली. बेल लॅब्जमध्ये मोहम्मद अटाला आणि दावॉन कांग यांनी 1959 साली मॉस्फेट घडवले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मोठा प्रवाह पेलणारी पॉवर मॉस्फेट बाजारात आली. 1980 च्या दशकाच्या आरंभी चेन्नईत जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बी. जयंत बालिगा यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयजीबीटी विकसित केले. वीस अँपिअरचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करू शकणारा खटका माणसाच्या मुठीत आला आणि मग फट, ट्यूब आणि हजारो व्होल्टची प्रायमरी यांची गरज उरली नाही. घरातल्या 230 व्होल्टला रेक्टिफायर लावला की 325 व्होल्ट डीसी मिळतो. अर्ध्या ब्रिजमधली दोन मॉस्फेट तो प्रायमरीला आलटून पालटून देतात. आपल्या मापाच्या कॉइलमधून वीत-दीड वीत ठिणगी निघते.

चौथा संप्रदाय दुहेरी अनुनादाचा, म्हणजे डीआरएसएसटीसीचा. प्रायमरीच्या ओळीत कपॅसिटर घालून तिलाही स्वतःची लय दिली की दोन झोके एकमेकांना बांधल्यासारखे होतात. प्रायमरीत क्षणभर शेकडो अँपिअर वाहतात आणि ठिणगी माणसाच्या उंचीपलीकडे जाते. त्या मानाने धोका आणि आयजीबीटींचा खर्चही वाढतो. पाचवा प्रकार याचीच पुढची पायरी. त्यात दाब एकदम न देता दहा-वीस मिलिसेकंदांत चढवत नेतात, आणि फांद्या न फुटता ठिणगी सरळ वाढत जाते. याखेरीज एका ट्रान्झिस्टरचा स्लेयर एक्सायटर आहे. तो बॅटरीवर चालतो, ट्यूबलाइट उजळवतो आणि शाळेतल्या मुलांना या विषयाचा उंबरा ओलांडायला शिकवतो. या पुस्तकाची पहिली कृती तीच आहे.

गाणाऱ्या कॉइलबद्दल अनेक जण आवर्जून विचारतात. 2007 साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका संमेलनात विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्टीव्ह वॉर्ड यांनी ती जाहीरपणे गाऊन दाखवली आणि हा प्रकार जगभर पोहोचला. त्यात गूढ काही नाही. इंटरप्टर कॉइलला सेकंदाला ठराविक वेळा, दर वेळी साधारण 100 मायक्रोसेकंद चालवतो. प्रत्येक वेळी ठिणगीभोवतीची हवा तापून फुगते आणि कानाला टिचकी बसते. या टिचक्या सेकंदाला 240 असल्या तर एक स्वर ऐकू येतो. त्या 480 केल्या की तोच स्वर एक सप्तक वर चढतो.

आता दोष शोधण्याच्या कामाकडे येतो, कारण सॉलिड-स्टेट कॉइलचा खरा स्वभाव तिथेच कळतो. स्पार्क गॅपची कॉइल बिघडली तर ती कुरकुरते. फट नीट फुटत नाही, काहीतरी तापते, विचार करायला अवधी मिळतो. मॉस्फेट तो अवधी देत नाही. दोन्ही मॉस्फेट एकाच वेळी उघडली तर 325 व्होल्टचा साठा त्यांच्यातून सरळ आरपार जातो आणि सारे मायक्रोसेकंदांत संपते. आपल्या हाती उरतो फक्त तुकडा. म्हणून इथे दोष बिघाडानंतर शोधायचा नसतो, बिघाड होऊ शकणार नाही अशा दाबावर आधीच शोधायचा असतो. या एका वाक्यासाठी मी सात मॉस्फेट मोजली.

त्यासाठी क्रम लागतो. आधी मेन्सचा दाब पूर्ण बाजूला ठेवून फक्त 12 व्होल्टवर ड्रायव्हर तपासायचा. मग गेटवरच्या लहरी पाहायच्या. आयआरएफपी460 या मॉस्फेटचे गेट भरायला 210 नॅनोकूलॉमपर्यंत विद्युतभार लागतो. तो 100 नॅनोसेकंदांत भरायचा तर दोन अँपिअरहून जास्त प्रवाह हवा. लहरीचा माथा सपाट आहे का, दोन गेट एकमेकांच्या विरुद्ध आहेत का, एक मिटल्यावर दुसरे उघडेपर्यंत थोडी उसंत आहे का, हे इथेच दिसते. गेटच्या तारा वीतभर लांब आणि सुट्या असतील तर लहरीच्या कोपऱ्यांवर थरथर दिसते. त्या पिळून आखूड केल्या की ती शमते. एवढे जमल्यावरच ब्रिजला तीसेक व्होल्ट द्यायचे.

त्यापुढे मेन्सवर जाताना दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात दिसणारा सिरीज बोर्ड वापरायचा. ओळीत लावलेला 100 वॉटचा पिवळा बल्ब हा या कामातला सर्वांत स्वस्त शिक्षक. चालू करताच तो पूर्ण प्रकाशाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण मॉस्फेट वाचले. अजिबात पेटला नाही आणि ठिणगीही नाही, तर कॉइल झोका घेतच नाही. अशा वेळी अनेकदा प्रायमरीची दोन टोके उलट जोडलेली असतात. झोका आपल्याकडे येत असताना धक्का दिला जातो आणि तो चढण्याऐवजी थांबतो. टोके अदलाबदल करा. तरीही काही नाही, तर सेकंडरीचा मल्टिमीटरवर रोध मोजा. तो 100 ओहमच्या जवळ यायला हवा. येत नसेल तर 345 मीटरमध्ये कुठेतरी केसाएवढी तार तुटली आहे.

ठिणगी न पडता मॉस्फेट तापत असतील तर धक्का उशिरा पडत असतो. ठिणगी टोपीऐवजी गुंडाळीच्या अंगावरून धावत असेल तर प्रायमरी फार वर आली आहे किंवा पाइपमध्ये ओल आहे. कोकणातल्या जुलैत वार्निश वाळायला जे दिवस लागतात ते लागू द्यावेच लागतात. इंटरप्टर मध्येच वेडावत असेल तर कॉइलचे स्वतःचेच क्षेत्र त्याच्या तारेत शिरत आहे. ती तार काढून ऑप्टिकल फायबर लावा. प्रत्येक लक्षणामागे एक कारण असते, आणि ते मोजून सापडते. अंदाजाने भाग बदलणारा माणूस माझ्यासारखा सातव्या मॉस्फेटपर्यंत पोहोचतो.

सुरक्षेबद्दल एक घट्ट रुजलेला गैरसमज इथेच खोडतो. उच्च वारंवारतेचा प्रवाह त्वचेवरून जातो म्हणून टेस्ला कॉइलची ठिणगी निर्धोक, असे पुष्कळांनी ऐकलेले असते. तांब्याच्या बाबतीत हे खरे आहे. 225 किलोहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाजवळच्या सुमारे 0.14 मिलिमीटरमध्येच एकवटतो. शरीर तांब्याचे नाही. त्याची वाहकता एवढी कमी की याच वारंवारतेला ही खोली मीटरभराहून जास्त भरते, म्हणजे प्रवाह सरळ आतून जातो. झटका जाणवत नाही, कारण इतक्या जलद बदलांना मज्जातंतू प्रतिसाद देत नाहीत. पण आतले मांस भाजते आणि ते भाजलेले लवकर कळतही नाही. ठिणगीला हात लावू नये, यात तडजोड नाही.

त्याहून मोठा धोका शांत बसलेला असतो: रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर. 325 व्होल्टला 1000 मायक्रोफॅरडमध्ये 50 ज्यूलहून जास्त ऊर्जा असते आणि प्लग काढल्यावरही ती तिथेच थांबते. ब्लीडर रेझिस्टर लावणे आणि हात घालण्याआधी मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करणे, या दोन सवयींशिवाय पुढचे पान उलटू नये. मेन्सशी जोडलेल्या ब्रिजला ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप कधीही लावू नये, आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. पेसमेकर असलेली व्यक्ती घरात असेल तर कॉइल त्या घरात चालवू नये. खोली हवेशीर हवी, कारण ठिणगी ओझोन बनवते. आणि एकट्याने काम करू नये. दुसऱ्या माणसाला मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक हवे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट गुणितेही असतात. टोपी लहान करून आपली कॉइल 264 किलोहर्ट्झवर नेली, तर तिची तिप्पट बरोबर 792 भरते, आणि मध्यम लहरींवर आकाशवाणी पुणे याच 792 किलोहर्ट्झवर आहे. वाड्यातल्या एखाद्या आजोबांच्या सकाळच्या बातम्यांत आपली खरखर शिरणार नाही, एवढी काळजी घेणे हा या छंदातला नागरिकशास्त्राचा धडा आहे. जाळीचा पिंजरा, मेन्सवर फिल्टर आणि मोजकाच वेळ चालवणे हे त्याचे उपाय.

हे सारे आज का शिकावे? कारण टेस्ला कॉइलच्या पोटातली वीज आता आपल्या घरात सर्वत्र आहे. इंडक्शन शेगडीत आयजीबीटी अनुनादी मंडल चालवतो. छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर, ई-स्कूटरचा चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, या सर्वांत हेच मॉस्फेट, हीच गेटची लहर, हीच क्षणाची उसंत आहे. ही उपकरणे बिघडतात तेव्हा आपण बहुतेकदा आख्खा बोर्ड बदलतो, कारण आतला दोष वाचता येत नाही. ज्याने आपल्या हाताने अर्धा ब्रिज उभा करून त्याच्या गेटवरची लहर पाहिली आहे, त्याला तो वाचता येतो. ठिणगीचा आनंद मोठा आहेच. पण या कामातून मिळणारी वाचण्याची नजर त्याहून टिकाऊ आहे, आणि ती आयटीआयच्या मुलाला पोटापाण्यालाही उपयोगी पडते.

मराठीत विज्ञान सांगण्याची परंपरा जुनी आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक 1928 साली सुरू झाले, मराठी विज्ञान परिषद 1966 साली. या परंपरेने समजावून सांगण्याची भाषा घडवली. कार्यशाळेची भाषा मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या आणि पुण्याच्या बुधवार पेठेतल्या काउंटरवर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत घडली. तिथे कोणी ‘द्वितीयक वेटोळे’ म्हणत नाही, सेकंडरी म्हणतात. या पुस्तकात दोन्ही भाषा एकत्र नांदतील असे पाहिले आहे. तत्त्व सांगताना अनुनाद, लय, धारकत्व हे मराठी शब्द घेतले आहेत. भागाचे नाव मात्र दुकानदाराला समजते तेच ठेवले आहे, म्हणजे वाचक पुस्तक बंद करून थेट बाजारात जाऊ शकेल.

पुस्तकाचा आग्रह एकच आहे: प्रत्येक टप्प्यावर काय दिसायला हवे ते आधी सांगायचे, आणि तसे दिसले नाही तर कुठे पाहायचे तेही लगेच सांगायचे. म्हणून मंडलाच्या आकृत्यांइतक्याच लहरींच्या आकृत्या आहेत, बरोबर लहरींच्या आणि बिघडलेल्यांच्याही. कृती मुद्दाम लहानापासून मोठ्याकडे जातात. दुहेरी अनुनादाच्या कॉइलची ओळख आहे, पण ती बांधण्याची कृती नाही. ज्याला एक साधी कॉइल वर्षभर न जाळता चालवता आली, तो पुढचे स्वतः शोधेल. गणित आठवी-नववीच्या बीजगणितापलीकडे जात नाही. वाचकाकडून अपेक्षा दोनच: एक मल्टिमीटर, आणि एक वही. ऑसिलोस्कोप विकत घेणे जमले नाही तर जवळच्या तंत्रनिकेतनात चौकशी करावी, मित्राकडे मागावा. पण त्याशिवाय मेन्सवर जाऊ नये.

वहीबद्दल आणखी एक. ठिणगी पडली त्या दिवसाची नोंद कोणीही ठेवतो. न पडलेल्या दिवसाची ठेवा. किती व्होल्टला काय दिसले, काय बदलले, बदलल्यावर काय झाले, एका वेळी एकच बदल. माझी ती सात मॉस्फेट एका डबीत आहेत आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली आहे. पहिल्या सहांच्या चिठ्ठ्यांवर आधी लिहिलेली सहा वेगवेगळी कारणे खोडून नंतर एकच लिहावे लागले.

ती पिवळी कडीही कामाच्या टेबलावर अजून आहे. तिच्यावरचे बारा फेरे मी सोडवले नाहीत. कोणी शिकायला आले की मी आधी ती कडी ड्रायव्हरला जोडतो आणि ऑसिलोस्कोपवर कौलारू छपरांची रांग दाखवतो. मग फेराइटची कडी लावतो, आणि पडद्यावर तटाच्या चर्या उभ्या राहतात. पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटते ते पाहिले की कॉइल सुरू करायची घाई उरत नाही.